पोट, बूड, पाय

नाशिककराचं पाण्याशी नातं फार जुनं आणि घट्ट, फक्त ते काठावरून असतं. पावसाळ्यात आम्ही गंगेवर पूर बघायला जातो (तिला गोदावरी म्हणणारा बाहेरगावचा, हे लगेच ओळखावं). पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, यावर पुराची इयत्ता ठरते. उन्हाळ्यात गंगापूर धरणात किती टक्के साठा उरला ते पेपरात वाचून आम्ही गाडी धुणाऱ्या शेजाऱ्याकडे रागाने बघतो. धरणाची क्षमता ५६३० दशलक्ष घनफूट, ही मला तोंडपाठ आहे. यातल्या एकाही घनफुटात उतरायची वेळ आजवर आली नव्हती.

ती भाचीने आणली. पूर्वी सुट्टीत मामाकडे यायचं म्हणजे आंबे, पत्ते आणि दुपारी मामा झोपला की दंगा. आता ताईने ठाण्यात बसूनच धरणाकाठी भरणाऱ्या मुलांच्या होडी वल्हवण्याच्या शिबिरात तिचं नाव घातलं. सकाळी तिला स्कूटरवरून सोडायचं, जेवणाच्या वेळी आणायचं, एवढंच माझं काम होतं. शेवटच्या दिवशी मात्र पालकांनी पाल्यासोबत एकाच होडीत बसायचं असं कलम निघालं. पालक ठाण्यात, म्हणून जबाबदारी मातुल घराण्यावर आली.

मे महिन्यात धरणाचं पाणी इतकं मागे सरतं की काठ म्हणजे नुसता गाळ. पहिल्या चार पावलांत माझी डावी चप्पल गेली. पुढे लाइफ जॅकेटचा ढीग. प्रत्येक जॅकेट किती किलोच्या माणसाला चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं, आणि ते देणारा पोरगा एरवी शिट्टी फुंकून बोलावणारा. त्याने समस्त पालकवर्गासमोर विचारलं, "काका, वजन?" मी हळूच पंच्याऐंशी म्हणालो. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मागे ओरडला, "मोठ्ठं एक द्या रे!"

पट्टे आवळल्यावर भाचीने माझे दोन्ही खांदे धरून जॅकेट वर उचललं. ते कानापर्यंत आलं तर सैल आहे, पाण्यात माणूस खाली आणि जॅकेट वर असं होतं, ही माहिती तिने मला दिली. तिसरीतून चौथीत गेलेली मुलगी. मी श्वास आत घेतला होता म्हणून पट्टे बसले होते. तो सोडायची सोय उरली नाही.

माझ्याकडे बोलायला एकच विषय होता, तो मी काढला. म्हटलं, आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकला गेला, एकट्याने २००० मीटर नाव वल्हवली आणि जगात तेरावा आला. दुष्काळी गावचा माणूस, फौजेत गेल्यावर वल्हं हातात धरलं. आपल्या जिल्ह्याच्या रक्तातच आहे ते. भाची शांतपणे म्हणाली, "मामा, त्यांची बोट वेगळी. ते पाठमोरे बसतात. त्यांची वल्ही बोटीला अडकवलेली असतात. हे कयाक आहे, आपण पुढे बघायचं. आणि तू मागे बसायचं, जड माणूस मागे."

मग कळलं की वल्हवण्याआधी उलटायचं असतं.

मुद्दाम. काठाजवळ, कमरेच्या वर पाणी असेल तिथे, शिक्षक शेजारी उभा. बुडाल्यावर काय करायचं हे बुडण्याआधी शिकवतात, यात शहाणपण आहे हे मान्य. पण आयुष्यभर तोल सांभाळलेल्या माणसाला एका बाजूला कलंडा म्हणणं सोपं नाही. मी कलंडत नाही असं बघून भाचीच कलंडली. नाकात ५६३० पैकी निदान एक घनफूट गेलं. वर आलो तेव्हा ती उलट्या होडीला धरून मला शिकवत होती: होडी सोडायची नाही, माणसाच्या डोक्यापेक्षा होडी लांबून लवकर दिसते.

परत चढायची रीत तीन शब्दांची आहे. पोट, बूड, पाय. आधी पाय मागे झाडत पोटावर होडीत आडवं पडायचं, मग वळून बूड टेकवायचं, मग पाय आत घ्यायचे. मुलं हे एका दमात करतात. माझं पहिल्या शब्दावरच अडलं. पोट चढलं की होडी माझ्याकडे झुके, आणि मी पुन्हा पाण्यात. काठावरची सगळी बालसेना तालात ओरडायला लागली, "पोट! बूड! पाय!" शेवटी शिक्षकाने पलीकडून होडी दाबून धरली आणि भाचीने माझ्या जॅकेटला धरून मला आत ओढलं. माझं बूड होडीत टेकल्यावर टाळ्या पडल्या. लग्नातही इतक्या पडल्या नव्हत्या.

वल्हवणं त्यामानाने बरं. पुढच्याने ताल धरायचा, मागच्याने त्या तालावर वल्हं मारायचं, नाहीतर वल्ही एकमेकांवर आपटतात. डावीकडे वळायचं तर उजव्या बाजूने लांबवर वल्हं फिरवायचं. सीबीएस बसस्टँडजवळच्या रिक्षावाल्यांना हे उपजत येत असणार.

माझ्या चढण्यात बराच वेळ गेल्यामुळे ऊन तापलं आणि त्र्यंबकच्या बाजूने वारा सुटला. सकाळी मुलांना लवकर का बोलावतात ते तेव्हा उमगलं. आम्ही काठाकडे वल्हवत होतो, होडी धरणाच्या भिंतीकडे निघाली होती. मी जोर लावला तशी ती आडवी झाली. "मामा, तू थांब," भाची म्हणाली. मी थांबलो, आणि होडी सरळ झाली. हे जरा मनाला लागलं. शेवटी शिक्षकाने दोर बांधून आम्हाला ओढत आणलं. मागे दोन होड्या आणखी होत्या, दोन्हींत एकेक बाप बसला होता, आणि आम्ही तिघे एकमेकांकडे बघणं टाळत होतो.

घरी पोचल्यावर हिने दारातच विचारलं, "कसा होता गं मामा?"

"मामी, त्याला वल्हवता नाही येत," भाची म्हणाली, "पण कसाही टाकला तरी वर येतो."

"ते ठाऊक आहे मला," ही म्हणाली, आणि माझ्या एका पायाकडे बघून विचारलं, "दुसरी चप्पल कुठंय?"