"मेलेल्या माणसाचे पैसे नकोत"

गेल्या आठवड्यात एक ताई ऑफिसला आल्या होत्या. त्यांचे मालक, म्हणजे यजमान, रात्रपाळीहून परतताना रस्त्यात खणलेल्या चरात गाडीसकट पडले आणि जागेवर गेले. चराभोवती ना पत्रे, ना लाल दिवा. गुन्हा नोंदवलाय. मी म्हटलं, ठेकेदारावर नुकसानभरपाईचा दिवाणी दावाही लावू. त्या म्हणाल्या, "वकीलसाहेब, मेलेल्या माणसाचे पैसे घेऊन कुठं जाऊ? लोक काय म्हणतील?"

हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतोय, आणि दर वेळी तेवढाच तुटतो. भरपाई ही माणसाची किंमत नव्हे. घरातला कमावता हात ज्याच्या हयगयीने गेला, त्याने त्या घराचं देणं द्यायचं, इतकंच त्यात आहे.

१९६३ साली औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाळंतिणीची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. पोटात टॉवेल राहिला. त्रास वाढला, पोट पुन्हा उघडावं लागलं आणि काही दिवसांतच ती गेली. नवऱ्याने आणि मुलांनी शासनावर दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६ हजार रुपये दिले, उच्च न्यायालयाने शासनाला सोडलं, आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते ३६ हजार पुन्हा द्यायला लावले. तेहेतीस वर्षं! 'अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र शासन' हा निकाल प्रत्येकाला माहीत हवा. नेमकी चूक कोणत्या डॉक्टरची, हे कुटुंबाने सिद्ध करत बसायचं नाही, असं कोर्टाने सांगितलं. टॉवेल पोटात आपोआप जात नाही. दवाखाना सरकारी आहे म्हणून शासनाला हात झटकता येत नाहीत.

फौजदारी खटल्यात आरोपीचा दोष संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो, आणि शिक्षा झाली तरी विधवेच्या पदरात फारसं काही पडत नाही. दिवाणीत पुराव्याचं पारडं कुणाकडे झुकतं एवढंच पाहतात. समोरच्यावर काळजी घेण्याची जबाबदारी होती का, ती त्याने पाळली नाही का, आणि आपलं नुकसान त्यामुळेच झालं का. रस्ता खणणाऱ्याला रात्री तिथून लोक जाणार हे माहीत असतं. पत्रे लावायला असा किती खर्च येतो?

प्रत्येक अपघात हयगय नसतो, हेही सांगितलं पाहिजे. राजकोटमध्ये रस्त्याकडेचं झाड अंगावर पडून एक गृहस्थ गेले, पण महापालिकेची हयगय सिद्ध होत नाही म्हणून १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने पत्नीचा दावा मान्य केला नाही. उलट दिल्लीत चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं मेली, तेव्हा १९६६ च्या निकालात महापालिका जबाबदार ठरली. जुनाट, आयुष्य संपलेली इमारत तपासत राहणं तिचं काम होतं.

म्हणून कागद जपा. पंचनाम्याची नक्कल, शवविच्छेदनाचा अहवाल, पगाराच्या चिठ्ठ्या, आणि जागेचे फोटो त्याच दिवशी, कारण चर दोन दिवसांत बुजवला जातो. मृत्यूच्या भरपाईसाठी वारसांना दावा लावायला फक्त २ वर्षं मिळतात. सुतक, वर्षश्राद्ध, "बघू पुढं" यातच ती निघून जातात.

ताईंचे मालक जाऊन सतरा महिने झालेत. त्यांच्या पुतण्याच्या मोबाईलमध्ये त्या रात्रीचे चराचे चार फोटो आहेत. सोमवारी तो घेऊन येतो म्हणालाय.