‘स्पर्श झाला की तोंड हलते’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

समुद्री सशाच्या, म्हणजे अप्लिसिया या, कवच खुरटून शरीराच्या आत दडलेल्या सागरी गोगलगायीच्या, आहारावरील माझ्या लेखाला आपण चार वाक्यांची प्रतिक्रिया दिलीत. पहिले वाक्य असे : “स्पर्श झाला की तोंड हलते, एवढीच गोष्ट, बडोद्यात बसून तिच्यावर पानेच्या पाने लिहिणे ही निव्वळ मास्तरकी आहे.” मतभेदाचे मला वावडे नाही, परंतु ज्या सुरात आपण ‘मास्तरकी’ म्हटलेत तो सूर मला लागला. बडोद्यात मी एकतीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवले, ओहोटीच्या वेळी ओख्याच्या खडकांत विद्यार्थ्यांबरोबर गुडघाभर पाण्यात उभा राहिलो, आणि या प्राण्याला शेवाळ खाताना तासन् तास पाहिले. ज्यावर माझे घर चालले, तो शब्द शिवीसारखा फेकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

एक चूक मान्य करतो. लेखात एके ठिकाणी मी ‘मेंदू’ लिहिले, तेथे ‘चेतागुच्छिका’, म्हणजे चेतापेशींचा पुंजका, हवे होते. ती दुरुस्ती केली आहे.

आता ‘एवढीच गोष्ट’ याविषयी. या प्राण्याच्या तोंडात रॅड्युला नावाची कानशीसारखी दातेरी पट्टी असते; ती पुढे येते, मिटते आणि शेवाळ घेऊन मागे जाते. तिच्या खालच्या ऊतीत पसरलेली, स्पर्शाने उद्दीपित होणारी ‘बी २१’ ही चेतापेशी मुखाच्या चेतागुच्छिकेत असते, आणि रॅड्युला मिटवणाऱ्या ‘बी ८’ या प्रेरक चेतापेशीशी ती जोडलेली असते. आपले म्हणणे खरे असते, तर रॅड्युलाला काहीही लागले की बी २१ चा संदेश बी ८ पर्यंत गेला असता आणि पट्टी मिटली असती.

तसे होत नाही. पेशी विश्रांत असताना रॅड्युलाला स्पर्श केला, तर बी २१ मध्ये आवेग, म्हणजे विद्युत्-संदेश, उत्पन्न होतात, पण पेशीच्या ज्या शाखेतून ते बी ८ कडे जायचे, तिच्यात ते शिरतच नाहीत. चेतागुच्छिकेतील इतर चेतापेशींच्या जाळ्याने बी २१ चे विद्युत्-विभव (व्होल्टेज) पुरेसे वाढवले, तरच ती वाट उघडते. आणि ते घडते रॅड्युला मागे जात असताना, म्हणजे घास घट्ट धरून आत ओढण्याच्या नेमक्या क्षणी. नको असलेली वस्तू बाहेर टाकताना तर पट्टी उलट क्रमाने, पुढे जाताना मिटते. म्हणजे स्पर्श पोचतो की नाही, हे तोंड त्या क्षणी काय करत आहे यावर ठरते. आपण कार्यकारणाची दिशाच उलटी लावली आहे, आणि तीही मला धडा शिकवण्याच्या आविर्भावात.

“कँडेल यांना याच प्राण्यावर नोबेल मिळाले, आता नवे काय?” या वाक्याला एवढेच उत्तर, की २००० साली चेताशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांना ज्या संशोधनासाठी हा सन्मान विभागून मिळाला, ते प्रामुख्याने कल्ला आत ओढण्याच्या प्रतिक्षिप्त क्रियेवरचे होते, घास गिळण्यावरचे नव्हे. चित्रे नाहीत, भाषा जड आहे, या उरलेल्या दोन वाक्यांत मला उत्तर देण्याजोगे काही दिसत नाही.

लेखाचा तिसरा परिच्छेद याच बंद वाटेविषयी आहे. तो आपण वाचला असेल, तर त्यातील कोणते विधान चुकीचे आहे, ते नेमके लिहावे.