भिडे पुलाकडे बघून घरात बसू नका

पुण्यात सिंहगड रस्त्याला माझी मावशी राहते. तळमजला, नदीपासून दोन गल्ल्या आत. परवा रात्री खडकवासला धरणातून विसर्ग वाढवल्याचं कळलं म्हणून तिला फोन केला, आजची रात्र आमच्याकडे ये म्हटलं. तर म्हणाली, "अरे, अजून भिडे पूल बुडालेला नाही. आमच्या ग्रुपवर सविस्तर आलंय."

भिडे पूल म्हणजे डेक्कनजवळचा, मुठा नदीच्या पात्रातला ठेंगणा पूल. ग्रुपवरचं ते सविस्तर मी वाचलं. तुमच्याकडेही आलं असेल. त्यातले दावे असे: भिडे पुलावर पाणी आल्याशिवाय नदीकाठच्या कोणालाही धोका नसतो आणि आल्यावरही घर सोडायला ४ तास मिळतात. पूल दरवर्षी बुडतो, कारण बांधताना उंची चुकली. पानशेत धरण फुटलं त्याचं पाणी मध्यरात्री आलं आणि त्यात लाकडी लकडी पूल वाहून गेला. आणि शेवटी, पुलावरचं पाणी ओसरलं की लगेच गाडी घालायला हरकत नाही.

पहिल्या दाव्यापायी माणसं मरू शकतात, म्हणून आधी तो.

मुठा खडकवासल्याहून शहराकडे येते. वाटेत आधी विठ्ठलवाडी, एकतानगरी, मग राजाराम पूल, म्हात्रे पूल, लकडी पूल आणि त्यानंतर भिडे पूल. म्हणजे मावशीच्या घरावरून गेलेलं पाणी पुढे भिडे पुलाशी पोचतं. वरच्या अंगाला राहणाऱ्या बाईने खालच्या पुलावर पाणी चढायची वाट बघायची, हा कुठला हिशोब? नकाशा उघडून बघायला एक मिनिट लागतं, तेवढंही हे लिहिणाऱ्याने केलेलं नाही.

२५ जुलै २०२४ आठवा. रात्रीतून विसर्ग वाढत वाढत ३५,००० क्युसेकच्या वर गेला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ १० लाख लिटर पाणी. एकतानगरीतल्या लोकांना बोटींतून बाहेर काढावं लागलं, लष्कर बोलवावं लागलं. त्याच पहाटे डेक्कनला पुलाच्या वाडीत हातगाडी हलवायला गेलेल्या तिघांचा विजेचा धक्का बसून जीव गेला. भिडे पुलाच्या इतक्या जवळ राहून ही गत. त्या माणसांच्या घरच्यांना कोणी हे ४ तासांचं गणित ऐकवून दाखवावं.

ते ४ तास येतात कुठून, तेही कळत नाही. खडकवासला धरण लहान आहे, साठा २ टीएमसी (अब्ज घनफूट) सुद्धा नाही. त्याच्या वर पानशेत आणि वरसगाव, दोन्ही मिळून २३ टीएमसीच्या पुढे, शिवाय टेमघर. वरची धरणं भरली की तिथून सोडलेलं सगळं पाणी या लहान धरणात येतं आणि तिथून नदीत सोडण्यावाचून इलाज नसतो. घाटात पाऊस लागला तर रात्री दहाचा आकडा पहाटे तीनला कामाचा राहत नाही.

आणि धोका फक्त धरणाच्याच पाण्याचा असतो असंही नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत हाहाकार केला, अरण्येश्वरच्या टांगेवाले कॉलनीत भिंत पडून माणसं गेली. तो शहरातल्याच पावसाचा लोंढा होता. भिडे पुलाकडे बघत बसलेल्याला तो दिसलाही नसता.

एक मान्य करतो. भिडे पुलावर पाणी आलं म्हणजे नदीला पाणी मोठं आहे, हे खरं. आमच्या घरीही पावसाळ्यात तोच प्रश्न आधी विचारला जातो. पण तो पूल नारायण पेठेतून डेक्कनला झटकन जाता यावं म्हणून आहे, त्याच्यावरून सगळ्या नदीकाठाची झोप ठरवता येत नाही.

उंची चुकली म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की तो पात्रातला बुडता पूल आहे. ठेंगणाच बांधलेला. पाणी आलं की तो बंद करायचा असतो.

पानशेतबद्दल लिहिताना तरी जीभ सांभाळायला हवी होती, कारण तो दिवस बघितलेली माणसं अजून आपल्यात आहेत. १२ जुलै १९६१. धरण सकाळी फुटलं. आदल्या रात्रभर जवान वाळूची पोती रचत होते, म्हणून फुटायला सकाळ झाली. दुपारी खडकवासल्याची भिंतही गेली. पुणं बुडालं ते दिवसाउजेडी, आणि म्हणूनच हजारो जीव पळून वाचले. त्याला मध्यरात्र म्हणणं म्हणजे त्या जवानांची रात्र पुसून टाकणं आहे. लकडी पूल तर एकोणिसाव्या शतकातच दगडी झाला होता. पेशवाईतलं लाकूड गेलं, नाव तेवढं राहिलं.

पाणी ओसरल्यावर गाडी घालण्याचं म्हणाल, तर पुलावर गाळ असतो, फांद्या आणि जलपर्णी अडकलेली असते, खालचा डांबराचा थर कुठे उखडलाय ते चिखलात दिसत नाही. पालिकेची माणसं धुऊन, तपासून उघडेपर्यंत दुसऱ्या पुलावरून वळसा घाला.

मावशी त्या रात्री आली नाहीच. शेवटी मी गाडी काढून तिकडे गेलो, औषधांचा डबा आणि कागदपत्रांची पिशवी वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे ठेवली आणि तिला घेऊन आलो. विसर्गाचा आकडा कुठे बघायचा ते तिच्या फोनवर लावून दिलंय. तो फॉरवर्ड तिने पुढे ज्या ११ जणींना पाठवला होता, त्यांना आता ती स्वतः फोन करतेय.