पुलाच्या अलीकडे

मी राहतो मिनेसोटातल्या मूरहेडला. रेड नदीवरचा पूल ओलांडला की फार्गो, म्हणजे नॉर्थ डकोटा. माझी नोकरी तिकडेच. एप्रिल २०२३ मध्ये नॉर्थ डकोटाने ट्रान्स, म्हणजे जन्मावेळी नोंदलेलं लिंग आपलं न वाटणाऱ्या मुलांना अठरा वर्षांआधी यौवनारंभ रोखणारी औषधं, हार्मोन देणं किंवा शस्त्रक्रिया करणं हा डॉक्टरांसाठी गुन्हा ठरवला. त्याच महिन्याच्या २७ तारखेला मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ यांनी नेमक्या उलट कायद्यावर सही केली. तो मांडला होता ली फिंके यांनी. मिनेसोटाच्या विधिमंडळातल्या, ट्रान्स असल्याचं उघडपणे सांगणाऱ्या त्या पहिल्या सदस्य.

पुण्याहून मावशीचा फोन आला. "आईबापांना न विचारता पोरांना इंजेक्शनं देतात म्हणे तिकडे?"

नाही गं मावशी. या कायद्याचा सगळा भर उलट आईबापांना वाचवण्यावर आहे. उपचार करू दिले म्हणून दुसऱ्या राज्याने मूल काढून घ्यायचा आदेश दिला, तर तो इथे चालत नाही. तिथल्या समन्सवर इथल्या दवाखान्याचे कागद मिळत नाहीत. एक कलम वादाचं आहे खरं: मुलाला हे उपचार मिळत नसतील, तर इथलं न्यायालय ताब्याच्या भांडणात तात्पुरतं लक्ष घालू शकतं. आईवडिलांचंच एकमत नसेल तिथे हे फार जपून वापरायला हवं, असं मलाही वाटतं. औषधं कधी आणि कुणाला द्यावीत यावर डॉक्टरांनी जरूर वाद घालावा. ब्रिटनमध्ये तो जोरात चालू आहे. पण त्यासाठी आईला गुन्हेगारासारखं पळायला लावू नये.

आपल्याकडे ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९च्या कायद्याचं बारावं कलमही हेच म्हणतं की, केवळ ट्रान्स आहे म्हणून, न्यायालयाच्या आदेशाशिवाय, मुलाला घरापासून तोडायचं नाही. आमच्या आळीतला एक मुलगा दहावीनंतर निघून गेला. त्याला सरकारने नेलं नव्हतं, घरच्यांनीच दार लावलं होतं. का, ते सगळ्या आळीला ठाऊक होतं. त्या आईला कोणत्या डॉक्टरकडे जायचं हे सांगणारं कुणी भेटलं असतं तर? कलम बारा तिथवर पोचत नाही. मावशीने याची काळजी करावी, अमेरिकेची नको.

माझ्या ऑफिसातल्या एका बाईंनी मुलीसाठी फार्गोचं घर विकून पुलाच्या अलीकडे भाड्याने घर घेतलं. १८ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेनेसी राज्याची अशा उपचारांवरची बंदी सहा विरुद्ध तीन मतांनी उचलून धरली; म्हणजे असं संरक्षण देणं न देणं आता एकेका राज्याच्या हाती. त्यातही वॉशिंग्टनहून, म्हणजे केंद्र सरकारचा, दबाव आहेच. कॅलिफोर्नियात असाच कायदा आहे, तरी लॉस एंजेलिसच्या मुलांच्या इस्पितळाने जुलै २०२५ मध्ये ट्रान्स मुलांसाठीचं आपलं केंद्र बंद केलं. ती बातमी आल्यापासून या बाई दर महिन्याला दवाखान्यात फोन करून विचारतात, मुलीची पुढची तारीख कायम आहे ना.