गुड फ्रायडेच्या अंत्यविधीविषयी आपल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय ताई,

आपल्या वडिलांच्या अंत्यविधीबद्दल आपण लिहिलेला अभिप्राय वाचला. आधीच दुःखाचे दिवस, त्यात आपल्या मनाला आणखी क्लेश झाले, याबद्दल आम्ही मनापासून क्षमा मागतो. मात्र अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या आमच्या संस्थेने नियमांची सबब पुढे करून मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासनाविधी) नाकारली, घंटा आणि गीतांवाचून वडिलांना निरोप द्यायला लावला आणि पैसे तेवढे पूर्ण घेतले, हे आपले म्हणणे आम्हाला फार लागले. इतर कुटुंबेही ते वाचणार असल्यामुळे येथे सविस्तर लिहिणे भाग आहे.

आपल्या वडिलांचे निधन पवित्र सप्ताहातील, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातील, बुधवारी रात्री झाले. त्याच रात्री आपल्या थोरल्या बंधूंचा फोन आला, तेव्हा आम्ही सर्वांत आधी हेच सांगितले होते की पवित्र गुरुवार, गुड फ्रायडे, पवित्र शनिवार आणि ईस्टरचा रविवार या चार दिवसांत अंत्यविधीची मिस्सा होत नाही. हा निर्बंध कॅथोलिक चर्चच्या रोमन मिस्सा-ग्रंथाच्या सर्वसाधारण नियमावलीत आहे आणि आगमनकाळ (नाताळापूर्वीचे आठवडे), उपवासकाळ (ईस्टरपूर्वीचे) व पास्काकाळ (ईस्टरपासूनचे) यांतील रविवारांनाही तो लागू असतो. तो आमच्या सोयीसाठी केलेला नाही, आणि फादरांनीही तो आपल्या मनाने घातलेला नाही.

त्या रात्री दोन मार्ग होते. पार्थिव शीतपेटीत ठेवून सोमवारी पूर्ण मिस्सेसह अंत्यविधी करायचा, किंवा शुक्रवारी शास्त्रवाचन, प्रार्थना व दफन उरकून वडिलांसाठीची मिस्सा ईस्टरनंतर ठेवायची. बंधूंना शनिवारी सकाळी परतीच्या प्रवासाला निघायचे होते, म्हणून त्यांनी शुक्रवार निवडला. घरात मृत्यू झाला असता कोणाचेच चित्त थाऱ्यावर नसते, त्यामुळे त्यांना आम्ही दोष देत नाही. परंतु सोमवारपर्यंत थांबावे, असे आम्ही त्यांना दोनदा सुचवले असताना तो निर्णय आता आमच्या माथी यावा, याचे वाईट वाटते.

घंटेविषयी आपण जे लिहिले, ते वाचून तर झोप लागली नाही. गुरुवारच्या सायंकाळच्या मिस्सेत ग्लोरिया या स्तुतिगीताच्या वेळी वाजलेल्या घंटा थेट पास्काच्या जागरणविधीपर्यंत, म्हणजे शनिवारच्या रात्रीपर्यंत, मुक्या राहतात. वेदीवरची वस्त्रेही काढून घेतलेली असतात. गुड फ्रायडेला कोणाला मूठमाती द्यावी लागली, तर ती गायन, वाद्ये आणि घंटानादाशिवाय द्यावी, असे व्हॅटिकनच्या १९८८ च्या परिपत्रकात स्पष्ट सांगितले आहे. आपल्या वडिलांचा मान त्यामुळे तसूभरही कमी झाला नाही. शवपेटीवर पवित्र पाणी शिंपडणे आणि कबरीपाशी आशीर्वाद हे सारे फादरांनी सावकाश, कोणतीही घाई न करता केले.

बंधूंचे भाषण चर्चमध्ये होऊ दिले नाही, अशीही आपली तक्रार आहे. अंत्यविधीत प्रवचनाच्या जागी मृताचे गुणगान करायचे नसते. आठवणी सांगण्यास आदल्या रात्रीची जागरणप्रार्थना अधिक योग्य असते. म्हणूनच आम्ही गुरुवारी रात्री घरी तशी वेळ ठरवून घेतली आणि तेथे बंधूंनी आपली चारही पाने वाचली.

बिलात शवपेटी, शववाहिनी, शीतपेटी आणि कबरीचे काम एवढेच होते. मिस्सेचे पैसे आम्ही कोणाकडूनच घेत नाही, त्यामुळे ते कमी करण्याचा प्रश्नच नव्हता. ईस्टरनंतरच्या मंगळवारी वडिलांसाठी झालेल्या मिस्सेची वेळ चर्चच्या कार्यालयात जाऊन आम्हीच ठरवली आणि वाचनांचे कागदही आम्हीच छापून आणले. त्याचा एक पैसाही लावला नाही. हे बोलून दाखवायची इच्छा नव्हती.

यापुढे पवित्र सप्ताहात येणाऱ्या कुटुंबांना ही माहिती लेखी देण्याची काही व्यवस्था करू, आणि जमेल तेथे घरातील एकाहून अधिक व्यक्तींशी बोलू. आपण एकदा बंधूंना बुधवारच्या फोनबद्दल विचारावे. संपूर्ण अभिप्राय काढावा, असा आमचा आग्रह नाही. परंतु आम्ही मिस्सा नाकारली, एवढे विधान तरी दुरुस्त करावे, ही नम्र विनंती. या कामावर आमच्याकडील माणसांची घरे चालतात, आणि लोक आमच्याकडे केवळ विश्वासावर येतात.

आपला नम्र,
संचालक