घर कोणत्या उन्हाळ्यात बांधलंय?

पाडव्याच्या आठ दिवस आधी भाच्याचा फोन आला. "मामा, घर पसंत पडलंय. अंबाजोगाई रोडला रो-हाऊस आहे. पाडव्याला इसार द्यायलोय. तुम्ही एकदा नजर टाका."

मी विचारलं, "कोणत्या साली बांधलंय?"

"असेल आठ-नऊ वर्षांचं. पण मामा, पूर्वमुखी आहे. एनए आहे. सातबारा क्लिअर आहे. बोअरला दोन इंची पाणी आहे."

"सोळाच्या उन्हाळ्यातलं तर नाही ना?"

तिकडून आवाज बंद. त्याला वाटलं मामा आता ग्रहमान सांगणार.

माझ्या घराची गोष्ट सांगितल्याशिवाय हा प्रश्न कळणार नाही. २०१७ च्या दसऱ्याला मी लातुरात रो-हाऊस घेतलं. सहा घरांची स्कीम. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढला, फेरफार तपासले, वास्तुवाल्याला ५,१०० रुपये देऊन स्वयंपाकघराची दिशा पक्की करून घेतली. बँकेचा माणूस आला, मोबाईलवर पाच फोटो काढले, चहा पिऊन गेला. एवढ्या लोकांनी घर बघितलं. पण भिंतीला कान लावून कुणी बघितलं नाही, आणि मी मराठीचा मास्तर, मला त्यातलं काय कळणार.

२०१९ च्या पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या छतावर पिवळा डाग आला. पुढच्या वर्षी डागाचा फुगा झाला. त्याच्या पुढच्या वर्षी एका सकाळी गिलाव्याचा परातीएवढा तुकडा ओट्यावर पडला. सौ. तेव्हा नुकतीच दूध घेऊन बाहेर आली होती, म्हणून मी हे आज निवांत लिहितोय. वर बघितलं तर स्लॅबमधली सळई गंजून फुगलेली, हाताने काँक्रीट खरवडलं तर वाळूसारखं गळायचं.

दुरुस्तीला आलेला मिस्त्री जुना माणूस. त्याने चिमूट उचलली, बोटांत चुरली आणि म्हणाला, "गुरुजी, या स्लॅबला पाणी पाजलंच नाही." मग हिशोब जुळवला. स्लॅब पडला होता मे २०१६ मध्ये.

मे २०१६ लातूरकरांना सांगायला नको. मांजरा धरण कोरडं ठाक. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी. एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी यायचं, आपण कळश्या घेऊन रांगेत उभे. जिथं माणसाच्या घशाला पाणी नव्हतं, तिथं माझ्या स्लॅबला कोण कुठून मारणार होतं?

सिमेंट ओलं असतं आणि मग वाळून घट्ट होतं, असं मला पन्नाशीपर्यंत वाटायचं. तसं नसतं. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होतं. ते मध्येच वाळलं तर जेवढं झालं तेवढंच राहतं. आयएस ४५६ हे आपल्याकडचं काँक्रीटचं मानक सांगतं की साध्या सिमेंटला किमान सात दिवस ओलावा पाहिजे, कोरड्या कडक उन्हात दहा, आणि हल्ली सगळीकडे मिळतं ते राखमिश्रित सिमेंट असेल तर चौदा दिवसांपर्यंत. म्हणजे स्लॅबवर आळी बांधून दोन आठवडे पाणी तुंबवून ठेवायचं, कॉलमला ओलं बारदान गुंडाळायचं. एका टँकरसाठी चार दिवस थांबायच्या काळात हे कोण करतं? आणि जे टँकर यायचे ते कुठल्या बोअरचे? खारं पाणी मिसळलं तर सळईला आतून गंज. भिंतीवर पांढरी खार फुटते ती दिसते तरी. सळईचं कळायला माझ्यासारखी तीन-चार वर्षं जातात.

दुरुस्तीला २ लाख ८० हजार गेले. बिल्डरला फोन केला तर तो प्रेमाने बोलला, "सर, पावसाळ्यात कुणाच्या घरात ओल येत नाही?" रेरा या घर घेणाऱ्यांसाठीच्या कायद्यात ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातला दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा, तोही तीस दिवसांत, असं कलम आहे, ते मी वाचलं. मग दुसरं वाचलं. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा घरं आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाची नोंदणीच सक्तीची नाही. आता मोजा बरं आपल्या गावातल्या रो-हाऊसच्या स्कीमा. चार घरं, सहा घरं, आठ घरं. नववं घर कुणी बांधत नाही. रेराच्या साईटवर माझ्या घराचं नावनिशाण नाही.

आणखी एक, जरा अवघड जागेचं दुखणं. खरेदीखतावरचा आकडा आणि हातात दिलेला आकडा वेगळा असतो, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी लिहीत नाही. स्टॅम्प ड्युटी वाचली म्हणून त्या दिवशी पेढे खातो. भांडायची वेळ आली की कागदावर आपलं घर स्वस्तातलं असतं आणि उरलेल्या पैशाला पावती नसते. मग तोंड कुठल्या बाजूने उघडायचं?

तर, आपण कागद एवढे का बघतो आणि घर का बघत नाही? मला वाटतं याला कारण आहे. आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाकडे होता. मदतमाश, खिदमतमाश असल्या इनाम जमिनी, वक्फ, १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्यातली संरक्षित कुळं, वर्ग दोनच्या जमिनी. ज्याच्या नावावर सातबारा त्याला विकायचा अधिकार असेलच असं इथं नाही. गल्लीत एक तरी माणूस असा असतोच की ज्याने प्लॉट घेतला आणि वारस दहा वर्षांनी दारात उभे राहिले. त्यात गुंठेवारी. १०० रुपयांच्या बाँडवर शेताचे तुकडे विकले गेले, आता २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची नियमित करून घ्यायची सोय झाली आणि संभाजीनगरात लोक फायली घेऊन फिरायलेत. कागदाने इतकी पोळलेली माणसं कागदच फुंकून पिणार. एकदा का वकिलाने 'टायटल क्लिअर' म्हटलं की आपली सगळी हुशारी तिथंच संपते. विटा-सिमेंटसाठी शिल्लक राहत नाही.

दुसरं कारण किल्लारीचा भूकंप. मी औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३, गणपती बुडवून लोक झोपले होते. आमच्या भावकीतली माणसं दगडमातीच्या भिंती आणि फूट-दीड फूट मातीचं छत, म्हणजे माळवद, अंगावर घेऊन गेली. त्या दिवसापासून आमच्या भागात माळवदाची भीती आणि स्लॅबवर श्रद्धा बसली. आरसीसी म्हटलं की पक्कं. कॉलमच्या रिंगा किती अंतरावर आहेत, दारं-खिडक्यांच्या वरून भिंतीला लिंटलचा पट्टा सलग फिरवलाय का, हे विचारायचं राहूनच गेलं. माळवद पडतं हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. स्लॅबसुद्धा पडू शकतो यावर अजून मन बसत नाही.

हाळीच्या बाजारात देवणी गोऱ्हा घ्यायचा तर माझे वडील दात बघत, खूर बघत, चालवून बघत, आणि विकणाऱ्याने बैलाला सकाळी काय चारलंय याचा सुद्धा अंदाज घेत. त्यांचाच मुलगा मी, पस्तीस लाखांचं घर वीस मिनिटांत घेऊन आलो.

भाच्याला म्हटलं, पाडवा राहू दे, आधी माणूस आणतो. शाळेतला माझा जुना विद्यार्थी सिव्हिल इंजिनिअर आहे, साईटवर घासलेला. पुण्या-मुंबईत घर तपासून देणाऱ्या कंपन्याच आहेत, आपल्याकडे तसा वेगळा धंदा अजून रुजलेला नाही. हा फक्त माझ्या शब्दाखातर आला. फी ४,००० रुपये. एजंट दोन्हीकडून एकेक टक्का घेणार होता, ४० लाखांवर हिशोब तुम्हीच करा. या सौद्यात जितकी माणसं फिरत होती त्यांतल्या प्रत्येकाला सौदा झाला तरच पैसे मिळणार होते. एकट्या इंजिनिअरला सौदा मोडला तरी मिळणार होते. मला तो म्हणूनच पाहिजे होता. बँकेचं कर्ज झालंय म्हणजे घर तपासलंय, असं बरेच जण म्हणतात. बँकेचा माणूस बँकेचे पैसे बुडणार नाहीत ना, एवढं बघतो. आपली ओट्यावरची परात बघायला तो येत नाही.

पिशवीत काय आणलं होतं? लाकडी हातोडी, पातळी बघायची लेव्हल बॉटल, बॅटरी, ओलावा मोजायचं हातातलं यंत्र आणि एक काचेची गोटी. एजंट गोटी बघून हसला.

इंजिनिअर पोरगा आत आलाच नाही आधी. घराभोवती फिरला. जोत्याला लागून काळी माती तशीच होती, फरशीचा पट्टा नाही, आणि छताचा पाईप तिथंच सोडलेला. म्हणाला, "सर, काळी उन्हाळ्यात आक्रसते, पावसात फुगते. पाया मुरमापर्यंत नेला असेल तर ठीक, वरवर असेल तर घर दर वर्षी श्वास घेतं." मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग दाखवली, वर पुट्टी भरलेली. गिलाव्याची केसासारखी भेग असेल तर तो दुर्लक्ष करायचा. तिरपी, एकीकडे बारीक आणि दुसरीकडे रुंद होत गेलेली भेग दिसली की थांबायचा. त्या खोलीचं दार तळाला रंध्याने घासलेलं होतं. अडकत असणार पावसाळ्यात.

घराला नवा रंग. मालक मोठ्या मनाने म्हणाले, "तुमच्यासाठी ताजा मारून घेतलाय." पोरगा रंगाकडे बघेना. तो थेट कपाटात शिरला. बाथरूमला पाठ लावून असलेल्या कपाटाचा खालचा प्लाय फुगलेला, मागच्या भिंतीला रंग पोचलेला नाही आणि यंत्राचा काटा वर. बाथरूममध्ये गोटी सोडली, ती जाळीकडे जायच्या ऐवजी दाराकडे आली. आता एजंट हसला नाही. फरशांवर हातोडी वाजवत गेला, हॉलमध्ये सात-आठ पोकळ बोलल्या. अर्थिंगची वायर खड्ड्यात उतरून कोरड्या मातीत तशीच संपलेली.

मग त्याने केलं ते मला आयुष्यात सुचलं नसतं. हॉलला झगमगीत पीओपीचं छत. त्यातला एक गोल दिवा हळूच खाली ओढला, भोकातून मोबाईल वर घातला आणि फोटो काढले. पीओपीच्या वर खरा स्लॅब. एका कोपऱ्यात खडी उघडी, मधमाशांच्या पोळ्यासारखी, आणि दोन ठिकाणी गंजाचे ओघळ. मालकांनी फोटो बघितले, खरंच त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी ते घर तसंच घेतलं होतं, दुसऱ्याकडून.

मी माझा प्रश्न विचारला. बांधकाम परवान्याची तारीख होती डिसेंबर २०१५. मीटरची होती जानेवारी २०१७. मधलं काय? पोराने लॅपटॉपवर गुगल अर्थ उघडून जुन्या तारखांची छायाचित्रं मागे-मागे नेली. एका चित्रात रिकामा प्लॉट, पुढच्यात पांढरं छत. पण दोन चित्रांच्या मध्ये उन्हाळाही येत होता आणि पावसाळाही. त्याच वर्षी परतीच्या पावसात मांजरा भरलं होतं. स्लॅब मे महिन्यात पडला की ऑक्टोबरात, हे चित्र सांगेना. ते घर माझ्या घराचं सख्खं भाऊ निघालं की चुलत, तेवढंच ठरायचं राहिलं.

पोरगा म्हणाला, "सर, पावसात दाखवा मला. आणि तोवर इसार देऊ नका."

इथं मला एक गोष्ट लख्ख दिसली. आपण घरं कधी घेतो? पाडवा, अक्षय तृतीया. म्हणजे मार्च ते मे, जेव्हा मराठवाड्यात गळकं छतसुद्धा कोरडं ठणठणीत असतं. पावसाळ्यात घर बघायला कुणी जात नाही, भाद्रपदात पितृपाठ म्हणून नाही. दसऱ्याला जातो तोवर भिंती वाळून रंग मारून झालेला असतो. मुहूर्त सगळे विकणाऱ्याच्या सोयीचे पडलेत!

लातुरातला बाजारही घाईचा. अकरावी-बारावीसाठी बीड, हिंगोली, परभणीची माणसं जूनच्या आधी घर शोधतात. दोन वर्षं लेकरू राहील, मग भाड्याने जाईल, असा हिशोब. भाड्याने द्यायच्या घराचा स्लॅब कोण बघतो? हरंगुळचा रेल्वे डब्यांचा कारखाना, अमका बायपास, तमका चौपदरी रस्ता, प्रत्येक बातमीला एजंट शंभर रुपये फूट वाढवतो. "सर, आज नाही घेतलं तर उद्या जाईल." भाच्यालाही हेच ऐकवलं होतं. गेलं नाही. जूनपर्यंत तसंच उभं आहे.

भाच्याने अहवाल दाखवून अडीच लाख कमी करायला सांगितले. मालक चिडले, मग नरमले, मग म्हणाले दीड. बहिणीचा मला फोन, "दादा, तू पोराचं जमत आलेलं मोडायलास." बरोबर आहे तिचं. पोराला दोन वर्षांपासून घर नाही म्हणून स्थळं परत जातायत, ही आमच्याकडची वेगळीच तपासणी, तिच्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

काल रात्री नऊला आभाळ फुटलं. दीड तास. मी छत्री घेतली, भाच्याला उठवलं, इंजिनिअरला फोन केला, तोही पोरगा मोटरसायकलवर भिजत आला. तिघं दारात उभे, अंगावरून पाणी निथळतंय. मालकांनी दार उघडलं, आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले,

"अहो गुरुजी, पाऊस तर थांबू द्या. मग बघा की घर."