विंचवाचे बिऱ्हाड आणि मागे शेपूट

अमेरिकेत पिकअप ट्रक बाळगणाऱ्या माणसाला सल्ला मागावा लागत नाही. तो घरपोच येतो. ट्रकच्या हौद्यात बसणारे छोटेखानी घर, म्हणजे ट्रक कॅम्पर, घेऊन आणि त्याच्यामागे शिवाय एक ट्रेलर जोडून सुट्टीला निघण्याचा आमचा बेत जाहीर झाला, तेव्हा भेटेल त्याने छातीठोकपणे एकच वाक्य ऐकवले, "अहो, तुमचा ट्रक 13,000 पौंड सहज ओढेल!" ट्रक किती ओढतो हे जगाला तोंडपाठ असते, तो पाठीवर किती वाहतो असे विचारले की तेच जग हवापाण्याच्या गप्पा सुरू करते. आणि नेमके इथेच घोडे पेंड खाते, कारण कॅम्पर ओढायचा नसतो, वाहायचा असतो, आणि मागचा ट्रेलर कितीही गरीब दिसला तरी आपल्या वजनाचा एक हिस्सा ट्रकच्या पाठीवर टाकल्याशिवाय तोही राहत नाही.

वाहण्याचा खरा आकडा जाहिरातीत नसतो. चालकाचे दार उघडल्यावर चौकटीवर टायरच्या हवेची माहिती देणारी एक पट्टी दिसते आणि तिच्यावर, माणसे आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये, असे खडसावलेले असते. हा आकडा त्याच ट्रकपुरता खरा असतो. शेजाऱ्याच्या तशाच दिसणाऱ्या ट्रकचा आकडा वेगळा असू शकतो, कारण चामड्याची आसने आणि काचेचे छप्पर यांचेही वजन कोणीतरी वाहतच असते. उलट ओढण्याची क्षमता ठरवण्याच्या प्रचलित पद्धतीत चालक आणि त्याच्या शेजारचा प्रवासी प्रत्येकी 150 पौंडांचे, म्हणजे साधारण 68 किलोंचे, धरलेले असतात. ही पद्धत ठरवणाऱ्यांना आमच्या घरी जेवायला बोलावण्याचा योग आलेला नाही, एवढेच मी म्हणेन.

आमच्याकडे वजनाचे खाते सौभाग्यवतींकडे आहे. त्यांनी वहीत आडव्या-उभ्या रेघा मारून दाराच्या पट्टीवरचे 4,100 पौंड जमेच्या बाजूला लिहिले आणि खर्च मांडायला घेतला. कॅम्परचे माहितीपत्रकातले वजन 2,800 पौंड, पण ते 'कोरडे' वजन. म्हणजे पाणी, गॅस आणि बहुतेक वेळा वातानुकूलन यंत्र, छत्रीवजा पडदा आणि दुसरी बॅटरी यांच्याशिवायचे. ही जोडसामग्री 250 पौंड. पाण्याची टाकी 30 गॅलनची आणि एका गॅलनाचे वजन 8.34 पौंड, म्हणजे आणखी 250. गॅसची दोन सिलिंडरे '20 पौंडांची' म्हणून मिळतात, परंतु ते वजन आतल्या गॅसचे. लोखंडासकट दोन्हींचे मिळून 75. आम्ही दोघे मिळून 320 (इथे त्यांनी माझ्याकडे न पाहता आकडा लिहिला) आणि कपडे, भांडी, अंथरुणे 300. बेरीज झाली 3,995. शिल्लक राहिली 105 पौंड, आणि ट्रेलर अजून दारात उभाच होता.

ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार त्याच्या जिभेवर, म्हणजे हिचच्या (ट्रकच्या मागे ट्रेलर अडकवण्याच्या जोडणीच्या) गोळ्यावर, यावा लागतो. माझ्या मनातला 4,000 पौंडांचा ट्रेलर 12 टक्क्यांनी 480 पौंड पाठीवर ठेवणार होता. अशा वेळी ट्रेलरमधले सामान मागच्या बाजूला सरकवून जीभ हलकी करावी, असा एक शहाणा सल्ला हमखास मिळतो. तो देणाऱ्याला चहा पाजावा आणि निरोप द्यावा. कारण जीभ हलकी झाली की ट्रेलर महामार्गावर डोलू लागतो आणि एकदा डोलू लागलेला ट्रेलर कोणाच्या बापाचे ऐकत नाही. सामानाचा निम्म्याहून थोडा अधिक भाग ट्रेलरच्या आसाच्या, म्हणजे चाकांच्या दांड्याच्या, पुढेच असायला हवा. तेव्हा सौभाग्यवतींनी दुसरा मार्ग काढला : टाकीत 30 ऐवजी 5 गॅलन पाणी भरायचे, बाकीचे मुक्कामावर भरायचे आणि ट्रेलर 2,500 पौंडांचाच न्यायचा. पाण्याचे 208 पौंड वाचले, जिभेचे 300 झाले आणि शिल्लक उरली 13.

"माझी पान्यांची पेटी?" मी विचारले.

"किती वजनाची आहे?"

"अगं, पेटी लागतेच."

"लागते का, असे नाही विचारले. किती वजनाची, असे विचारले."

पेटी घरी राहिली. वहीवर विसंबू नये म्हणून निघण्यापूर्वी ट्रक थांब्यावरच्या वजनकाट्यावर जावे. तिथे पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर यांची वजने वेगवेगळी मिळतात. मालवाहू ट्रकांच्या रांगेत आपले घरटे घेऊन उभे राहताना थोडे ओशाळल्यासारखे होते खरे, पण मागच्या आसाची मर्यादा एकूण बेरजेच्या आत राहूनही ओलांडली जाऊ शकते आणि ती गोष्ट वहीत कळत नाही.

ती का ओलांडली जाते, हे हिचच्या एक्स्टेन्शनने मला शिकवले. कॅम्परचा मागचा भाग ट्रकच्या बाहेर इतका डोकावतो की मूळ हिच त्याच्या पोटाखाली दडून बसते. म्हणून एक लांबलचक लोखंडी नळी जोडून हिच बाहेर आणावी लागते. आता गणित पाहा. पुढच्या आणि मागच्या चाकांत 12 फूट अंतर आहे आणि गोळा मागच्या आसाच्या 4 फूट मागे आहे असे धरले, तर जिभेचे 300 पौंड मागच्या आसावर 400 होऊन पडतात आणि पुढच्या चाकांवरचे 100 पौंड उचलले जातात. एक्स्टेन्शनने गोळा आणखी 3 फूट मागे गेला की तेच 300 मागे 475 होतात आणि पुढची चाके 175 पौंडांनी हलकी होतात. ज्या चाकांनी वळायचे त्यांनाच असे अधांतरी करणे बरे नव्हे. म्हणून कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या आसावर किंवा त्याच्या पुढे यायला हवा. त्याची खूण कॅम्परच्या कुशीला लावलेली असते. शिवाय एक्स्टेन्शन लावल्यावर हिचची क्षमता घटते. ती किती घटते हे बनवणाऱ्याने लिहिलेले असते आणि ते वाचायचे असते, एवढे साधे सूत्र आहे. तरी लोक नळी घेतात आणि कागद खोक्यात ठेवतात. ट्रेलर सोडल्यावर हीच नळी पायरीजवळ नडगीच्या उंचीवर दबा धरून बसते. तिच्या टोकाला लाल चिंधी बांधावी. रात्री चिंधी दिसत नाही, पण आपण खबरदारी घेतली होती हे समाधान कळवळताना उपयोगी पडते.

कॅम्पर चढवणे हा स्वतंत्र सोहळा आहे. चार कोपऱ्यांच्या चार जॅकांवर घर हवेत उभे असते आणि त्याच्या खाली ट्रक मागे घ्यायचा असतो. दोन्ही बाजूंना जेमतेम दोन-चार बोटे जागा. यासाठी ट्रकचे मागचे फळकूट, म्हणजे टेलगेट, आधी काढून ठेवावे लागते. बहुतेक ट्रकांचा मागचा कॅमेरा त्या टेलगेटमध्येच असतो, त्यामुळे ज्या दिवशी कॅमेऱ्याची खरी निकड त्याच दिवशी तो गॅरेजच्या भिंतीकडे बघत उभा असतो. हौद्यात रबरी चटई अंथरावी, नाही तर कॅम्पर वळणागणिक घसरतो. कॅम्पर ट्रकला बांधून ठेवणाऱ्या चारही ताण-सळ्या कसाव्यात आणि पहिल्या थांब्यावर पुन्हा तपासाव्यात, कारण थोडे अंतर गेल्यावर घर हौद्यात नीट बूड टेकते आणि सळ्या सैल पडतात.

जोडणीबद्दल थोडक्यात : सुरक्षा साखळ्या जिभेखालून एकमेकींना छेद देऊन अडकवाव्यात, नळी लांबली म्हणून त्या वाढवायच्या झाल्यास तेवढ्याच ताकदीच्या साखळीने वाढवाव्यात, दोरीने नव्हे. ट्रेलर निसटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी तार ट्रकला बांधावी, साखळीला नव्हे. ट्रेलरच्या दिव्यांना आणि ब्रेकना वीज देणाऱ्या सात पिनांच्या प्लगची वायरही लांब लागते. दिवे तपासताना मागे उभ्या माणसाने "चालू... बंद... चालू... बंद" असे म्हटले तर ते वळणाचे दिवे असतात आणि तक्रारीचे कारण नसते. ट्रेलरच्या टायरांवर लिहिलेली भारक्षमता थंड टायरमध्ये पुरेपूर हवा असेल तेव्हाचीच असते. झाले.

रस्त्यावर आल्यानंतर एक चमत्कार घडतो : ट्रेलर नाहीसा होतो. आतल्या आरशात कॅम्परची पांढरी भिंत दिसते, बाजूच्या आरशांत कॅम्परच्या कडा दिसतात आणि त्यापेक्षा अरुंद असलेला ट्रेलर त्यांच्या आड सुखाने लपलेला असतो. सरळ रस्त्यावर तो आहे यावर श्रद्धा ठेवावी लागते. सौभाग्यवती दर तासाला "आहे ना हो मागे?" असे विचारतात आणि मी ब्रेक कंट्रोलरची, म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लावणाऱ्या चालकाजवळच्या उपकरणाची, पट्टी हलकेच दाबून, मागून ओढ जाणवली की "आहे" म्हणतो. ही पट्टी आणखी एका कामासाठी माहीत असावी. मोठा ट्रक शेजारून गेल्यामुळे किंवा आडव्या वाऱ्याने ट्रेलर डोलू लागला, तर ट्रकचा ब्रेक दाबू नये आणि सुकाणू झटक्याने फिरवू नये. पाय वेगावरून उचलावा आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक त्या पट्टीने अलगद लावावेत. उतारावर खालचा गिअर टाकावा. कॅलिफोर्नियात काहीही ओढणाऱ्या वाहनाला ताशी 55 मैलांची मर्यादा आहे. ती पाळताना मागे गाड्यांची जी वरात जमते, तिच्याकडे बघायला सुदैवाने आपल्याला आरसा उरलेला नसतो.

खरी कसोटी मात्र मागे जाण्याची. ट्रेलर रिव्हर्स घेताना सुकाणूच्या खालच्या कडेला हात धरावा. हात ज्या बाजूला नेऊ त्या बाजूला ट्रेलर वळतो. लांब ट्रेलर विचार करून वळतो, आखूड ट्रेलर मात्र विचार येण्याच्या आधीच वळलेला असतो. त्यातून कॅम्परच्या आडून तो आरशात प्रथम दिसतो, तेव्हाच बराच तिरका झालेला असतो. म्हणजे दर्शन झाले की उशीर झाला, असे समजून थांबावे, पुढे जावे, सरळ व्हावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. ट्रेलरच्या मागच्या दोन कोपऱ्यांवर उंच काठ्या आणि त्यांवर रंगीत झेंडे लावले की तो थोडा आधी सापडतो. कॅम्परच्या पाठीवर वेगळा कॅमेरा लावणे त्याहून उत्तम.

या प्रसंगी मुक्कामाच्या जागेवर प्रेक्षक जमतात. दिवसभर खुर्चीतून न हललेली माणसे खुर्ची आमच्याकडे वळवतात. त्यांतले एकजण उठून हातवारे करू लागतात, दुसरे त्यांना विरुद्ध हातवारे करतात आणि सौभाग्यवती या दोघांच्या मध्ये उभ्या राहून तिसरेच काही सांगत असतात. आमचा नियम आता ठरलेला आहे : सूचना एकाच माणसाच्या घ्यायच्या, त्या फोनवर घ्यायच्या आणि त्या माणसाचा चेहरा आरशातून दिसेनासा झाला की तत्क्षणी ट्रक थांबवायचा. "इकडे" आणि "तिकडे" या शब्दांना बंदी आहे. "चालकाची बाजू" आणि "माझी बाजू" असे म्हणण्याचा पहिला प्रयोग फसला, कारण भांडणात सौभाग्यवती नेहमी स्वतःचीच बाजू घेतात, अशी माझी तक्रार होती. हल्ली आम्ही झाडांची नावे घेतो.

उंचीचा विषय याहून गंभीर. कॅम्परच्या छतावरच्या वातानुकूलन यंत्रासह जमिनीपासूनची उंची टेपने मोजावी आणि तो आकडा चालकासमोरच्या, ऊन अडवणाऱ्या झडपेवर चिकटवावा. नॉर्थ कॅरोलायनातील डरम गावी एक रेल्वेपूल 11 फूट 8 इंचांचा होता आणि त्याने इतक्या वाहनांची छपरे सोलली की लोक त्याला डबा उघडण्याचे यंत्र म्हणू लागले. 2019 साली तो उचलून 12 फूट 4 इंच करण्यात आला, आणि त्यानंतरही त्याने आपला छंद पूर्णपणे सोडला नाही. बोगद्यांचे गॅसबाबतचे नियमही आधी वाचावेत. बाल्टिमोरच्या बंदराखालून जाणाऱ्या बोगद्यांत आमच्यासारखी सिलिंडरे नेता येत नाहीत, आणि त्यांना पर्याय असलेला फ्रान्सिस स्कॉट की पूल 26 मार्च 2024 रोजी जहाजाच्या धडकेने कोसळला. तेव्हा शहराला पश्चिमेकडून वळसा घालण्याची वेळ वेळापत्रकात धरावी. पेट्रोल पंपावर छपराची उंची बघण्याच्या नादात मागच्या बाजूचा विसर पडतो. वळताना कॅम्परची मागची कड विरुद्ध दिशेला बाहेर फिरते आणि पंपाजवळचा खांब तिच्या वाटेतच उभा असतो. म्हणून पंपापासून सरळ पुढे निघून मगच वळावे.

मुक्कामाची जागा राखून ठेवताना फोनवर एकच गोष्ट ठासून मागावी : पुढून आत शिरून पुढूनच बाहेर पडता येईल अशी जागा. अशा जागा बहुधा सार्वजनिक स्वच्छतागृहाला किंवा सांडपाणी सोडण्याच्या खड्ड्याला लागून असतात आणि तळ्याकाठच्या सुंदर, सावलीच्या जागा रिव्हर्स येणाऱ्यांसाठी राखीव असतात. फोनवरच्या बाई प्रामाणिकपणे सांगतात की तिथे थोडा वास येतो. सौभाग्यवती विचारतात, "पण मागे जावे लागत नाही ना?" आणि जागा पक्की करतात.